एका शब्दाची दुरुस्ती

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत, वडोदरा येथे, वाचनालयाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने ‘मानवी हक्क आणि राष्ट्राराष्ट्रांमधील सहकार्य’ या विषयावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी कायद्याचा अभ्यासक नाही. माझा व्यवसाय शब्दांचा आहे, आणि आज मी एका शब्दाचीच हकीकत सांगणार आहे. ती घडली परदेशात, परंतु तिच्यातील मुख्य व्यक्ती आपल्या या गावाची आहे.

दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने अठरा सदस्यांचा मानवी हक्क आयोग नेमला. जगातील सर्व माणसांचे हक्क एका जाहीरनाम्यात नमूद करावयाचे, हे त्याचे काम. अध्यक्षपदी अमेरिकेच्या श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट होत्या. चीनचे चांग, लेबॅननचे चार्ल्स मलिक, फ्रान्सचे रेने कासँ असे मातब्बर विद्वान सदस्य होते. श्रीमती रूझवेल्ट यांच्याखेरीज त्या आयोगात एकच स्त्री होती. ती भारताची प्रतिनिधी होती. तिचे नाव हंसाबेन मेहता.

जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचा आरंभ मसुद्यात ‘ऑल मेन’ या शब्दांनी होत होता. सर्व ‘मेन’ जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असा त्याचा आशय. हंसाबेनांनी त्यास हरकत घेतली. ‘मेन’ या शब्दात स्त्रियांचा समावेश गृहीतच असतो, असा युक्तिवाद त्यावर होई, आणि इंग्रजी भाषेच्या रूढीपुरता तो खराही होता. परंतु हंसाबेनांचे म्हणणे असे की, ज्या देशांना स्त्रियांना हक्क द्यावयाचे नाहीत, ते या शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘पुरुष’ असाच लावतील. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगातील सदस्यांचाही आग्रह तोच होता, तेव्हा हे श्रेय एकट्या हंसाबेनांचे नव्हे. पण त्या मेजावर हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. अखेरीस शब्द बदलला आणि ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असा पाठ कायम झाला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने तीस कलमांचा हा जाहीरनामा ४८ विरुद्ध ० मतांनी संमत केला. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

ही दुरुस्ती करण्याची नजर हंसाबेनांना कोठून आली असेल? त्या स्वतः भाषांतरकार होत्या. शेक्सपिअरची नाटके त्यांनी गुजरातीत आणली. भाषांतर करणाऱ्याला शब्दाच्या पोटात काय मावते आणि काय मावत नाही, याचा रोज हिशेब द्यावा लागतो. शिवाय १९२४ साली डॉ. जीवराज मेहता यांच्याशी ज्ञातीबाहेर विवाह करून त्यांनी आपल्या ज्ञातीचा रोष पत्करला होता. ‘सर्वांत तुम्हीही आलातच’ या आश्वासनाची किंमत त्यांना ठाऊक होती.

आपल्या मराठीची या बाबतीत एक गंमत आहे. ‘तो माणूस’ असे आपण म्हणतो, शब्द पुल्लिंगी. पण अनेकवचन करताच ‘ती माणसे’ होतात. शब्द नपुंसकलिंगी होतो. एकटा माणूस पुरुष असतो, आणि माणसे जमली की त्यांत बायकापुरुष सगळे मावतात! व्याकरणाने जे आपल्याला सहज दिले, ते जगाच्या सभेत वाद घालून मिळवावे लागले. मात्र आपणही फार समाधान मानू नये. आपल्याकडे ‘बाईमाणूस’ हा शब्द आहे, आणि ‘बाईमाणसाने यात पडू नये’ हे वाक्य अजून पुरते जुने झालेले नाही.

‘हक्क’ या शब्दाकडेही क्षणभर पाहू. तो अरबीतून फारसीच्या मार्गे आपल्याकडे आला आणि मराठी कागदपत्रांत वतनाला चिकटून बसला. ‘हक्क, लाजिमा, मानपान’ हे वतनदाराचे. पाटलाचा हक्क, देशमुखाचा हक्क, जोशाचा हक्क. हक्क म्हणजे कोणा एका घराण्यात जन्मल्यामुळे मिळालेली गोष्ट. दुसऱ्याला ती नाही, हेच तिचे सार. १९४८ च्या जाहीरनाम्याने या शब्दाचा अर्थच उलटा केला. ज्याला वतन नाही, घराणे नाही, प्रसंगी देशही नाही, त्यालाही केवळ माणूस म्हणून हक्क आहेत, असे प्रथमच राष्ट्रांनी एकत्र येऊन लिहून दिले.

लिहून दिले खरे; पण लिहिण्याने भागते का? याचे उत्तर शोधायला आपल्याला पॅरिसला जाण्याची गरज नाही. १९१७ साली याच शहरात एक तरुण आला. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत शिकला होता आणि करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आला होता. जगातील उत्तम विद्यापीठांत शिकलेल्या त्या तरुणाला या शहरात राहण्यास जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून तो काही दिवस राहिला. जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. कमाठीबागेत बसून त्याने गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि मुंबईची वाट धरली. ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आणि ग्रंथालय चळवळीचा पाया घालणारा राजा गादीवर असताना हे घडले. तेव्हा संस्थानचे दिवाण होते मनुभाई मेहता, हंसाबेनांचे वडील.

ही गोष्ट मी आपल्या शहराला दोष देण्यासाठी सांगत नाही. राजाची इच्छा आणि रयतेचे वर्तन यांमध्ये केवढे अंतर असू शकते, हे तिच्यातून दिसते. आंतरराष्ट्रीय कायद्यापुढचा प्रश्नही हाच आहे, आणि तेथे तर राजाही नाही. सर्व राष्ट्रे सार्वभौम; त्यांच्यावर हुकूम कोणी चालवावा? १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आमसभेत मांडला, तेव्हा ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ असे उत्तर आले. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने ते मान्य केले नाही, आणि ३२ विरुद्ध १५ मतांनी आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला. माणसाचा छळ ही घरातली खाजगी बाब नव्हे, असे म्हणणाऱ्यांत आपला देश त्या वेळी पुढे होता.

हंसाबेनांचे दुसरे काम याच प्रश्नाशी जोडलेले आहे, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. डिसेंबर १९४७ मध्ये जिनीव्हाच्या बैठकीत आयोगाने तीन गट केले: एक जाहीरनाम्यासाठी, दुसरा बंधनकारक करारासाठी आणि तिसरा अंमलबजावणीसाठी. या तिसऱ्या गटाच्या अध्यक्ष हंसाबेन होत्या. जगभरातून गांजलेल्या माणसांची पत्रे तेव्हा आयोगाकडे येत होती, आणि तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आयोगाने १९४७ मध्येच ठरवून टाकले होते. पीडित व्यक्तीला स्वतः दाद मागता आली पाहिजे, ही दिशा हंसाबेनांच्या गटाने धरली. राष्ट्रांना ती रुचली नाही. व्यक्तीला तक्रारीचा मार्ग देणारा वैकल्पिक करार १९६६ साली झाला आणि १९७६ मध्ये अमलात आला. भारताने १९७९ मध्ये मानवी हक्कांचे दोन्ही मुख्य करार स्वीकारले, १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन केला. परंतु तो वैकल्पिक करार आपण स्वीकारलेला नाही. ज्या देशाच्या प्रतिनिधीने हे दार उघडावे असा आग्रह धरला, त्या देशाने त्यातून अजून पाऊल टाकलेले नाही, याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू म्हणून या गावात आल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी कधी कधी विचारतो, या कोण? उत्तर बहुधा ‘कुलगुरू’ एवढेच येते. तो शब्द कोणी सांगत नाही.

आता थोडे घरचे. माझे वडील या वाचनालयाचे वर्गणीदार होते. पुस्तके आणण्याचे काम माझ्याकडे असे. वडील वाचीत ते वर्तमानपत्र. पुस्तके सगळी आई वाची. स्वयंपाक आटोपल्यावर, दुपारी, ओट्याशी पाट टाकून. वीस वर्षे तिने येथील कपाटे रिती केली, पण वाचनालयाच्या दप्तरात तिचे नाव नव्हते. वडिलांच्या नावात ती ‘गृहीत’ होती. वडील गेल्यावर मी त्यांचे खाते बंद करण्यासाठी आलो. तेव्हाच्या ग्रंथपालांनी अनामत परत करण्याचा कागद पुढे केला, थोडे थांबले, आणि मग त्याच्या शेजारी कोरा अर्ज ठेवला. “आईंची सही आणा,” एवढेच म्हणाले. तो अर्ज भरताना आईने आपले पूर्ण नाव दोनदा लिहून पाहिले, आणि मग सही केली. हंसाबेनांनी तो शब्द का बदलून घेतला, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. समजले मात्र त्या दिवशी होते.

शतक पूर्ण केलेल्या संस्थेकडे एक मागणी करून थांबतो. दरवर्षी १० डिसेंबरला या सभागृहात जाहीरनाम्याच्या तीस कलमांचे मराठीतून वाचन व्हावे. त्यास अर्धा तासही लागणार नाही. आणि सभासदांच्या नोंदवहीत एका कुटुंबाच्या एकाच नावात किती माणसे गृहीत धरली आहेत, हे कार्यकारी मंडळाने एकदा पाहावे.