इंग्रजी वाक्यांतील पुरुषवाचक सर्वनामे



महाराष्ट्रातील मराठी शाळांत इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीतच इंग्रजीचा आरंभ होतो. पुरुषवाचक सर्वनामांशी मुलांची गाठ लवकर पडते आणि चुकाही तेथेच होऊ लागतात. त्या मुलाच्या मंदपणामुळे होत नाहीत. अनेकींचे मूळ त्याच्या मातृभाषेत असते, हे शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावे.

‘मी शाळेत जातो’ याचे इंग्रजी करताना मूल ‘मी गो टू स्कूल’ असे म्हणते. मराठीतील ‘मी’ हा कर्ता. इंग्रजीतील ‘मी’ म्हणजे ‘मला’. उच्चार एक, अर्थ भिन्न. येथे ‘आय’ हवे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘मला भूक लागली’, ‘त्याला आंबा आवडतो’, ‘तिने पाणी आणले’ या वाक्यांत सर्वनामांना विभक्तिप्रत्यय लागले आहेत. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी कर्त्याचेच रूप येते : ‘आय ॲम हंग्री’, ‘ही लाइक्स मँगोज’, ‘शी ब्रॉट वॉटर’. म्हणून मराठी प्रत्ययावरून रूप ठरवू नये. इंग्रजी वाक्यातील स्थान पाहावे. साध्या विधानात क्रियापदापूर्वी कर्ता म्हणून आय, वुई, ही, शी, दे. क्रियापदानंतर कर्म म्हणून, तसेच टू, फॉर, विथ या शब्दांनंतर मी, अस, हिम, हर, देम. ‘यू’ आणि ‘इट’ बदलत नाहीत. म्हणजे शिकवावयाच्या जोड्या पाचच.

दोन व्यक्ती एकत्र आल्या की मूल गोंधळते. ‘गुरुजींनी सीतेला व मला बोलावले’ येथे सीतेचे नाव क्षणभर झाकावे. ‘टीचर कॉल्ड मी’ हे बरोबर. म्हणून ‘टीचर कॉल्ड सीता अँड मी’ हेही बरोबर.

खुर्ची मराठीत ‘ती’ असली, तरी इंग्रजीत ती ‘इट’ होय. गुरुजींना आदराने ‘ते’ म्हणतात. इंग्रजीत त्यांच्यासाठी ‘ही’ येते, ‘दे’ नव्हे.

हे सारे फळ्यावरील कोष्टकापेक्षा कृतीतून लवकर ठसते. एका मुलाने दुसऱ्यास पुस्तक देत वर्गाला सांगावे, ‘आय गिव्ह हिम अ बुक’. घेणाऱ्याने सांगावे, ‘ही गिव्ह्ज मी अ बुक’. चुकल्यास शिक्षकाने शांतपणे शुद्ध वाक्य म्हणून दाखवावे आणि वर्गाला हसू देऊ नये. चुकीचे सर्वनाम उद्या सुधारता येते. लाजून मिटलेले तोंड पुन्हा उघडण्यास मात्र वर्षे लागतात.