घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे
(पालक मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून आपण नेहमी अभ्यासाविषयी बोलतो. आज मी झोपेविषयी चार शब्द सांगणार आहे. कारण झोप बिघडली की मुलांचा अभ्यास बिघडतो आणि कर्त्या माणसाची रोजीही धोक्यात येते.

"अब्बा किती गाढ झोपलेत, घोरण्याने घर दणाणतंय," असे मुले हसत सांगतात. पण वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काही जणांचा श्वासमार्गच मिटतो. घोरणे एकाएकी थांबते. छाती हलते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ असे चालते. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणूस मोठा श्वास घेऊन पुन्हा घोरू लागतो. तासात ३० किंवा अधिक वेळा असे घडले, तर विकार तीव्र समजतात. याचे नाव स्लीप ॲप्निया.

सकाळी रोग्याला यातले बहुधा काहीच आठवत नाही. डोके जड असते, दिवसभर पेंग येते. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. ट्रक किंवा रिक्षा चालविणाऱ्याच्या तर एक डुलकीही जिवावर बेतते.

यावर चांगला उपाय आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो जगापुढे मांडला. लहानसे यंत्र खोलीतलीच हवा नळीतून व मुखवट्यातून सौम्य दाबाने नाकात सोडते. त्या दाबाने श्वासमार्ग उघडा राहतो. या यंत्रास सीपॅप म्हणतात.

हे यंत्र पाहून घरातली माणसे घाबरतात. रोगी शेवटच्या घटका मोजतो आहे, असा त्यांचा समज होतो. ते चूक आहे. हे प्राणवायूचे नळकांडे नव्हे आणि अतिदक्षता विभागातले यंत्रही नव्हे. चष्म्यासारखेच ते समजावे: लावले तर उपयोग, काढून ठेवले तर नाही. म्हणून ते रोज रात्री लावावे लागते. पहिले काही आठवडे अडचण वाटते. मुखवटा मापाचा नसेल तर बदलून घ्यावा, पण यंत्र माळ्यावर टाकू नये. दाब किती ठेवायचा, हे रात्रीची झोपेची तपासणी करून डॉक्टरच ठरवितात. वजन कमी करणे व कुशीवर झोपणे याचाही अनेकांना फायदा होतो.

आता मुलांविषयी. रोज घोरणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे मूल वर्गात पेंगते किंवा उगाच चुळबुळ करते. आम्ही शिक्षक त्याला आळशी म्हणतो, घरी मार मिळतो. मुलांत या विकाराचे कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल व ॲडिनॉइड असते, आणि शस्त्रक्रियेने बहुतेकांना बराच आराम पडतो. छडीने पडत नाही.

माताभगिनींनो, रात्री हे थांबणारे श्वास प्रथम तुमच्याच कानी पडतात. रोग्याला ते ठाऊक नसतात. तेव्हा गप्प बसू नका. डॉक्टरांकडे जाताना सोबत जा आणि ऐकलेले सांगा.