आकाशनिरीक्षणाचा छंद आणि आपली ज्ञाती
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार, वधूवरांची नोंदणी आणि निधीचा हिशेब हे आपल्या मेळाव्याचे नित्याचे विषय. आज चिटणीसांच्या आज्ञेवरून आम्ही एका निराळ्या मंडळीविषयी चार शब्द बोलणार आहोत. ही मंडळी म्हणजे हौशी आकाशनिरीक्षक. पत्रिका जुळविताना गुरू-शनीची नावे आपल्या घरोघरी घेतली जातात. परंतु गच्चीवर जाऊन त्यांतला गुरू कोणता हे बोटाने दाखविणारी माणसे आपल्यात किती निघतील?

पुण्यास २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. देशातील हौशी निरीक्षकांची ही सर्वांत जुनी संस्था होय. पुढे १९८६ साली हॅलेचा धूमकेतू परत आला, त्या सुमारास मुंबईस खगोल मंडळ व कल्याणास आकाशमित्र मंडळ उदयास आले. अशा मंडळांचा क्रम साधा असतो. पावसाळा सरला की अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावयाची, शहराच्या दिव्यांपासून दूर जावयाचे, सतरंज्या अंथरावयाच्या, आणि जाणत्याने नवख्यास नक्षत्रे दाखवीत पहाट करावयाची. डिसेंबरच्या १३-१४ तारखेस मिथुन राशीच्या दिशेने उल्का येतात. त्या रात्री चौघांनी चार दिशा वाटून घ्यावयाच्या आणि पाचव्याने उल्का दिसल्याची वेळ लिहावयाची.

नुसते पाहणे ही करमणूक. पाहिलेले तारीखवेळेसह लिहून ठेवणे हे शास्त्र. काही ताऱ्यांचे तेज कमीअधिक होत असते. त्यांस रूपविकारी तारे म्हणतात. ययाति तारकासमूहातील अल्गोल हा असाच एक तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी नेमाने मंदावतो. शेजारच्या दोन स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत ठरवावयाची व वहीत नोंदवावयाची. मोठमोठ्या वेधशाळांना एकेका ताऱ्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवण्यास सवड नसते. म्हणून हौशी माणसांच्या या नोंदी त्यांना हव्या असतात. मृगातील तांबूस काक्षी २०१९ च्या अखेरीस मंदावू लागली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत इतकी फिकी पडली की, तो फरक नुसत्या डोळ्यांनी कळत होता. ज्यांच्या वहीत आधीच्या नोंदी होत्या, त्यांना तो किती झाला हेही सांगता आले.

हे काम विद्वानांचेच, असे कोणी समजू नये. जेसोर येथील राधागोविंद चंद्र हे प्रवेश परीक्षेत तीन वेळा अनुत्तीर्ण झालेले गृहस्थ. सरकारी खजिन्यात नाणी मोजण्याची नोकरी करीत आणि रात्री लहानशा दुर्बिणीने तारे पाहत. १९१८ साली गरुड तारकासमूहातील नवतारा त्यांना दिसला. त्यानंतर त्यांचा संबंध रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या अमेरिकेतील संस्थेशी जडला. १९२६ मध्ये त्या संस्थेने त्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण धाडली. चंद्र यांनी आयुष्यात सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. आम्हीही केवळ मॅट्रिक. म्हणून हे चरित्र आम्हांस विशेष प्रिय आहे.

आता थोडे कटू बोलतो. आमच्या शिक्षकी काळात रात्रीच्या निरीक्षणाची यादी होई, तेव्हा मुलांची नावे राहत आणि मुलींची नावे पालक दुसऱ्याच दिवशी काढून घेत. त्यांतील कित्येक मुली गणितात वर्गात पहिल्या होत्या. ग्रहणाच्या दिवशी तर सुशिक्षित घरांतही सुनेला खोलीत कोंडून बसवितात. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे अगदी खरे. त्याने दृष्टी जाते. परंतु ग्रहणाने गर्भास अपाय होत नाही. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण आपल्याकडे दुपार ओसरल्यावर खंडग्रास आहे. ढग नसतील तर उन्हात स्वयंपाकघरातील चाळणी धरावी आणि सूर्याकडे पाठ करून तिची सावली पाहावी. प्रत्येक भोकागणिक एकेक कोरलेला सूर्य जमिनीवर उमटेल. तो पाहण्यास घरातील सर्वांस बाहेर बोलवावे, सुनेस सर्वांआधी.

आमची सूचना अल्प खर्चाची आहे. ज्ञातीच्या वसतिगृहाची गच्ची महिन्यातून एक रात्र या कामास मिळावी. तेथे एक वही ठेवावी. आणि मुलामुलींनी आईवडिलांसह यावे. सोबतीस घरची माणसे असली म्हणजे मुलींना पाठविण्याची अडचण उरत नाही. शिष्यवृत्ती देताना परीक्षेतील गुणांबरोबर ही वहीही पाहावी. ज्याने वर्षभर नेमाने एक तारा पाहून खरे तेच लिहिले, त्याची पारख कोणत्याही गुणपत्रिकेहून कमी नव्हे.