बंदुकीची हौस कशापायी?



भिंड-मुरैन्याकडे खांद्याला दुनळी बंदूक अडकवून बाजाराला निघालेला माणूस दिसला की आपण ग्वाल्हेरची मराठी मंडळी हसतो. बीहडातल्या टोळ्या संपल्या, मग ही कशाला? आम्ही बँकेत काउंटरवर बसणारे; आम्हाला थोडंफार कारण दिसतं. इकडे बंदूक म्हणजे नोकरी. स्वतःची परवान्याची बारा बोअर असली की पहारेकऱ्याची जागा लवकर मिळते.

पण पोटापेक्षा मानाची भूक मोठी. २००८ मध्ये शिवपुरीच्या प्रशासनानं नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवान्यात प्राधान्य देऊ केलं आणि शस्त्रक्रियांचा आकडा वाढला! एरवी याच शस्त्रक्रियेनं मर्दानगी जाते म्हणून पळणारे हे लोक. बंदुकीनं ती भरून निघते, असा हिशेब. (आमच्या खातेवहीत असा जमाखर्च बसत नाही.)

आपण वेगळे आहोत का? सरदारकीची तलवार दिवाणखान्यात आपणही टांगतोच. आता आपल्या वरातींतही हवेत बार निघू लागलेत. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार निष्काळजीपणे असा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मंडळाचं कार्यालय लग्नाला देताना हत्यारबंदीची अट पावतीवरच छापावी, असं आम्ही कार्यकारिणीला सुचवतो.