तायचुंग भात आणि आमाची बोली



तैवान हा देश आपल्याला नकाशात शोधावा लागतो. परंतु तिथल्या एका गावाचे नाव आमच्या कोकणातल्या घरी मी लहानपणापासून ऐकत आले. आजोबा तक्रार करीत ती 'तायचुंग'ची. भात पुष्कळ आले, पण पेंढा आखूड, गुरांना काय घालायचे, ही त्यांची तक्रार! हे बुटके भात तैवानातील तायचुंगच्या शेतकी केंद्रात १९५६ साली तयार झाले आणि पुढील दशकात भारतात आले. रोगाला चटकन बळी पडे म्हणून ते टिकले नाही. मात्र त्याच्या संकरातून १९६८ साली 'जया' निघाले, आणि जया काय चीज आहे ते इथल्या शेतकरी मंडळींना मी सांगायला नको.

तेव्हा २००९ साली शिष्यवृत्ती मिळून मी शेतीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तैपेईच्या राष्ट्रीय तैवान विद्यापीठात निघाले, तेव्हा घरात फारसे कोणी दचकले नाही. पोर तायचुंगच्या मुलखात चालली, एवढेच.

हे विद्यापीठ १९२८ साली जपान्यांनी स्थापिले. तैवान १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे त्यांच्या ताब्यात होता. फाटकातून आत शिरले की दुतर्फा ताडासारख्या उंच झाडांचा लांबलचक रस्ता लागतो. वाटेत एक घंटा आहे. ती एकवीस ठोके देते, कारण फू स्सूनिएन नावाचे एक कुलगुरू म्हणत की दिवस एकवीस तासांचाच, उरलेले तीन तास विचार करण्यासाठी आहेत. आम्ही विद्यार्थी ते तीन तास बहुधा खाण्यात घालवीत असू. आवारातच भातखाचरे आणि एक जुने लाकडी घर आहे. ईसो एइकिची या जपानी शास्त्रज्ञाने तिथे काम केले. जपान्यांच्या जिभेला रुचेल असे जे भात त्या बेटावर रुजविले गेले, त्याला १९२६ साली 'होराई' असे नाव मिळाले. बेटावर आधीपासून पिकणाऱ्या भाताला जपानी लोक 'झाईराई' म्हणत, म्हणजे पूर्वापार चालत आलेले. आमच्या आजोबांच्या तायचुंगच्या पूर्ण नावात जो 'नेटिव्ह' शब्द होता, तो या झाईराईचाच तर्जुमा. आपले भात 'नेटिव्ह' आहे हे ठरविणारे परके, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

प्रयोगशाळेत वरच्या वर्गातल्या मुलीला 'श्वेज्ये' म्हणायचे, म्हणजे अभ्यासातली ताई. धाकटा तो अभ्यासातला भाऊ. मला हे फार जवळचे वाटले. भाषेचा वर्ग मात्र घाम काढी. अक्षरे असंख्य, परंतु उच्चार शिकविण्यासाठी त्यांची एक सदतीस चिन्हांची मुळाक्षरे आहेत. आपली वर्णमाला कंठापासून निघून ओठांशी येते, त्यांची ओठांपासून निघते. ब, प, म, फ असे म्हणत मी वर्षभरात बाजारापुरती चिनी बोलू लागले आणि वसतिगृह सोडून एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली.

पहिल्याच दिवशी मोठ्या प्रौढीने मी चिनी भाषेत नमस्कार केला. त्या हसल्या आणि भलतेच काही बोलल्या. "च्या पा ब्वे?" मला एक अक्षर कळेना. त्यांचा नातू माझ्याच विद्यापीठात शिके. तो म्हणाला, "आमा विचारते, जेवलीस का?" आमा म्हणजे आजी. त्यांची बोली निराळी होती. फुज्यान प्रांतातून पूर्वी आलेल्या लोकांची ती तैवानी. विद्यापीठात शिकलेली माझी चिनी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरच संपली!

आमांचा जन्म १९३२ चा. शाळा जपानी, म्हणून आकडे मोजायच्या त्या अखेरपर्यंत जपानीत. त्या तेरा वर्षांच्या असताना राज्य बदलले. चीनकडून आलेल्या सरकारने १९४६ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांतील जपानी मजकूर बंद केला. शाळांतून मँडरिन चिनी आली. पुढे १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. शाळेत तैवानी बोलणाऱ्या मुलाला दंड होई, कुठे गळ्यात पाटी अडकवीत. आमांच्या मुलाने तो दंड भरला होता. म्हणून आपल्या मुलाशी तो घरात चिनीच बोलला. बापाने शहाणपणाच केला, त्याला कोण दोष देईल? पण आजी आणि नातू यांच्यात जेवणखाण, थंडीवारा यांपलीकडे शब्द उरले नाहीत.

आमचे दोघींचे बरे जमे, कारण मध्ये तांदूळ होता. त्या पूर्वापारचे तांदूळ भिजवून वाटीत, त्यात किसलेला पांढरा मुळा घालून वाफवीत आणि वड्या कापून तव्यावर परतीत. मी घावने करून दाखविली. तांदूळ हातात चुरून त्या म्हणत, "चाय-लाय", तेच ते झाईराई. मी म्हणे, "तायचुंग".

२०११ च्या २८ फेब्रुवारीला विद्यापीठाला सुटी होती. १९४७ साली त्या दिवशी तैपेईत सरकारविरुद्ध दंगा उसळला, मार्चमध्ये चीनहून फौज उतरली आणि हजारो माणसे मारली गेली. लष्करी कायदा असेपर्यंत हे उच्चारण्याची सोय नव्हती. १९९७ पासून हा दिवस राष्ट्रीय सुटीचा आहे. पाऊस पडत होता. नातू आणि मी जेवत होतो. आमा एकाएकी बोलू लागल्या. अर्धे तैवानी, अर्धे जपानी. वीसएक मिनिटे बोलत होत्या. मला दोनच शब्द कळले. एक 'कीलुंग', म्हणजे जिथे फौज उतरली ते बंदर, त्यांचे माहेर. दुसरा 'नीसान', जपानीत थोरला भाऊ. मी नातवाकडे पाहिले. त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या होत्या. "काय म्हणतात?" मी विचारले. तो म्हणाला, "मलाही नाही कळत."

रात्री त्याने वडिलांना फोन केला. आमांना भाऊ होता हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बसलो. आमांनी मान हलविली आणि तांदूळ निवडायला घेतले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. २०१२ साली मी परत आले, त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. तिथल्या प्राथमिक शाळांतून २००१ पासून घरच्या बोलीचा तास असतो, आणि २०१८ च्या डिसेंबरात या सर्व बोलींना राष्ट्रीय भाषांचा दर्जा देणारा कायदा झाला. नातू आता रात्रीच्या वर्गात तैवानी शिकतो. मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. मी उचलताच म्हणाला, "च्या पा ब्वे?" उच्चार अजून कच्चा आहे. मी म्हटले, "हो, जेवले. तू?"