यात्रा : संथ पावलांची, जागृत मनाची
(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा आनंदसोहळा आहे. अशा प्रसंगी 'वाटचाल' हा शब्द सहज उच्चारला जातो. आज वाटा रुंद झाल्या आहेत, चालणे मात्र दुर्मिळ झाले आहे. म्हणून यात्रा कशी करावी, या साध्या विषयाचा विचार या मंगल प्रसंगी उचित ठरेल.

सुट्ट्या लागल्या की यात्रांची पत्रके घरोघरी येतात. पाच दिवसांत दहा-बारा तीर्थक्षेत्रे, चहा-नाश्त्यासह. गाडी थांबते, दर्शन होते, छायाचित्रे निघतात आणि व्यवस्थापकाची शिट्टी वाजते. घरी परतल्यावर कोणत्या मंदिरात मूलनायक कोण होते, हे विचारले तर यात्रेकरू गोंधळतो. वाहनांना दोष देणे योग्य नव्हे. वृद्ध आणि आजारी मंडळींना त्यांच्यामुळेच दर्शन घडते. दोष घाईचा आहे. कापडाच्या दुकानात घाईने फाडलेला तुकडा पुन्हा ताग्याला जुळत नाही, तसेच घाईने उरकलेल्या यात्रेचे होते.

जैन आचारधर्माने चालण्याचा जेवढा सूक्ष्म विचार केला, तेवढा क्वचितच कोठे झाला असेल. साधूंच्या पाच समितींत पहिले स्थान ईर्यासमितीला आहे. सूर्यप्रकाशात, रहदारीच्या मळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत, जीवजंतूंना इजा न होईल असे चालावे, हा तिचा आशय. येथे चालण्याचा वेग चालणाऱ्याच्या पायांतील बळावर ठरत नाही. वाटेवरील लहानात लहान जीवाच्या सुरक्षिततेवर तो ठरतो. आणि पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढली की साधुसंघ चातुर्मासासाठी एका ठिकाणी स्थिर होतो. केव्हा चालू नये हे जाणणे, हाही चालण्याच्या शास्त्राचाच भाग होय.

गृहस्थासाठी काय? त्याला दिग्व्रत, म्हणजेच दिशापरिमाण व्रत सांगितले आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा त्याने स्वतः ठरवावी. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत. वर, खाली किंवा तिरप्या दिशेने मर्यादा ओलांडणे हे पहिले तीन. क्षेत्र वाढवून घेणे हा चौथा. आणि ठरविलेली मर्यादा विसरून जाणे हा पाचवा. विसरणे हाही दोषच मानला आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तर निष्प्रयोजन भटकणे आणि इतरांना भटकावयास लावणे, या दोहोंची गणना प्रमादचर्येत केली आहे. व्यापाऱ्यांच्या समाजाला हा उपदेश व्हावा, यात मोठे औचित्य आहे. ज्याचा पैसा चारी दिशांना फिरतो, त्याच्या पावलांना हिशेब हवा.

जुन्या काळी यात्रा संथ होती. परंतु ती सुखाची होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १५८६ साली जौनपूर येथे जन्मलेले बनारसीदास जैन समाजातील व्यापारी आणि कवी होते. त्यांनी १६४१ साली 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिले. त्यांचे वडील खरगसेन हीरानंद मुकीम यांच्या संघाबरोबर शिखरजीच्या यात्रेस गेले होते. त्या यात्रेत अनेक यात्रेकरू आजारी पडले, काही दगावले; खरगसेनही आजारी होऊनच परतले. स्वतः बनारसीदास माल घेऊन आग्र्यास निघाले, तेव्हा भर पावसात रात्रीच्या आसऱ्यासाठी त्यांना वणवण करावी लागली. तेव्हाची यात्रा वर्षांचे नियोजन मागे, कधी प्राणही मागे. म्हणून निघणारा विचार करून निघे.

विसाव्या शतकातील उदाहरण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातील जैन समाजाला अधिक जवळचे आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या संघाने १९२७-२८ मध्ये दक्षिणेतून थेट शिखरजीपर्यंत पायी विहार केला. रेल्वे होती, तिकिटे काढून देणारे श्रेष्ठीही होते. परंतु पायी चालल्यामुळेच वाटेवरच्या गावागावांत लोकांना दिगंबर मुनिचर्या प्रत्यक्ष पाहता आली. संघ रेल्वेने गेला असता, तर मधली सर्व गावे त्या दर्शनाला मुकली असती.

आता शिखरजीविषयी. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. मधुबनातून निघून नऊ कोस नव्हे, तर सुमारे नऊ किलोमीटर चढण, शिखरावरील टोंकांची तेवढीच परिक्रमा आणि तेवढीच उतरण, अशी सुमारे सत्तावीस किलोमीटरची ही वंदना आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पारसनाथ अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र घोषित करणारी केंद्रीय अधिसूचना निघाली. तिच्यातील पर्यटनविषयक तरतुदींविरुद्ध पुढे देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या तरतुदींना स्थगिती दिली. समाजाने सरकारला सांगितले की हे पर्यटनस्थळ नाही, तीर्थ आहे. हे सांगणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. त्याच पहाडावर पाण्याच्या बाटल्या टाकणारा, मोबाइलवर मोठ्याने बोलणारा, डोलीवाल्याला 'लवकर चल' म्हणून दटावणारा श्रावक पर्यटक ठरतो की यात्रेकरू? कायद्याने तीर्थाचे रक्षण होईल. तीर्थपण मात्र यात्रेकरूच्या वागण्यातूनच टिकेल.

आणखी एक वेदना येथे मांडणे आवश्यक आहे. विहार करणाऱ्या साधु-साध्वींना महामार्गांवर भरधाव वाहनांनी धडक दिल्याच्या आणि त्यात प्राण गेल्याच्या घटना घडल्या आहेत. जे मुंगीसाठी पाऊल आवरतात, ते इतरांच्या घाईला बळी पडतात. यात केवळ परक्यांना बोल लावून भागणार नाही. श्रावकांच्या मोटारीही त्याच रस्त्यांवरून तेवढ्याच वेगाने धावतात. विहारातील साधूंसोबत चालणारे विहारसेवेचे युवक म्हणूनच अभिनंदनास पात्र आहेत.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजाने काही साधे नियम स्वीकारावेत. यात्रेत एका वेळी थोडीच क्षेत्रे घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी किमान एक मुक्काम करावा. शक्य असेल त्याने अखेरचा टप्पा पायी चालावा. रात्रीचा प्रवास टाळावा. त्याने चालकालाही विश्रांती मिळेल. निघण्यापूर्वी त्या क्षेत्राचा इतिहास घरातील मुलांसह वाचावा. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक दिवस तरी विहारातील साधुसंघासोबत चालावे. आणि प्रत्येक श्रावकाने, एका महिन्यासाठी का होईना, आपल्या प्रवासाची मर्यादा ठरवून ती वहीत लिहून ठेवावी.

तीर्थ म्हणजे उतार, नदी जेथून पार करता येते ती जागा. उतारावर पाण्याचा अंदाज घेत, एक पाय स्थिर झाल्यावरच दुसरा उचलायचा असतो. पुढील पन्नास वर्षांत समाजाची पावले अशीच पडोत, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!