भोसे गावचा वड

दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला, असं विणेकरीबुवा म्हणाले. आम्ही चौथी शिकलेली माणसं. शेती करतो नि कीर्तन करतो. झाडाविषयी बोलतो, ते आम्हाला जमतं.

मिरजेहून पंढरीला जाताना भोसे लागतं. तिथं यल्लम्माच्या देवळापाशी वड होता, चारशे वर्षांचा म्हणत. त्याच्या सावलीत किती वारकऱ्यांनी भाकरी सोडली असेल, मोजदाद नाही. 2020 साली रत्नागिरी-नागपूर महामार्गासाठी तो तोडायचा ठरला. लोक झाडापाशी उभे राहिले, मुंबई-दिल्लीपर्यंत बोभाटा झाला, आणि वड राखला गेला. पुढं काही वर्षांनी पावसात तो आपसूक कोसळला. तेव्हा एकजण म्हणाला, "मग वाचवून काय मिळालं?"

माउली, वड म्हणजे एकटं झाड नव्हे. त्याचं फळ फोडून बघा, आत चिलटाएवढी माशी सापडंल. गांधीलमाशीच्या गोतातली. वडाची वेगळी, उंबराची वेगळी, पिंपळाची वेगळी. वडाची फुलं त्या फळाच्या पोटातच असतात. माशी आत शिरली तरच बी धरतं, आणि वड नसला तर माशीला अंडी घालायला जागा नाही. एक वड आत्ता पिकतो, दुसरा दोन महिन्यांनी. म्हणून रानात काही नसतं तेव्हाही साळुंकी, कोकिळा, तांबट, वटवाघूळ उपाशी राहत नाही. तीच मंडळी बी लांब नेऊन टाकतात. देवळाच्या शिखरावर वड उगवतो तो कुणी लावलेला असतो का? राखलेल्या वर्षांत भोशाच्या वडाचं बी कुठं कुठं गेलं असंल, पाखरांनाच ठाऊक.

तोडलेल्या झाडाच्या बदल्यात गुलमोहर लावतात. फुलतो झकास, पण तो मादागास्करचा. त्याच्या लाकडासारख्या शेंगेत आपल्या पाखराला काय खायला मिळणार?

वडाला रोपाची वाट बघू नका. पाऊस लागला की मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच फांदी दोन-अडीच फूट खोल पुरावी, वरच्या टोकाला शेण थापावं. उंच असली की शेळीचं तोंड पोचत नाही. रस्त्याच्या हद्दीत लावू नका, परत रुंदीकरणात जाईल. शेतकऱ्याला विचारून बांधावर लावा. आपण वर्षातून एकदा जाणार, म्हणून दोन उन्हाळे पाणी घालायला त्या गावचा माणूस आधी ठरवा.

यंदा मुक्कामागणिक एक फांदी, असं ठरलंय. सामानाच्या ट्रकात मागं जागा ठेवा, आणि फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणा.